बंब येईपर्यंत काय करायचं?

या महिन्याची पत्रं आगीची आहेत. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतं, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याच्याही आधी माळावरचं गवत करकरीत वाळलेलं असतं. म्हणून उत्तरं आत्ताच देतो. नोकरीची सगळी वर्षं बंबावर काढली, आता मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो. त्यामुळे बंब पाठवणारा आणि बंबाची वाट बघणारा, दोघांचीही तगमग मला ठाऊक आहे. तालुक्याच्या गावातून निघालेला बंब कितीही पळवला तरी वस्तीवर पोचेपर्यंत गवताची आग बहुतेक वेळा येऊन गेलेली असते. मधला वेळ तुमचा. खालची सगळी उत्तरं त्या मधल्या वेळाची आहेत.

आबा, नमस्कार. आमची वस्ती नान्नजच्या माळाला लागून आहे. गेल्या उन्हाळ्यात माळ पेटला आणि आग आमच्या बांधाला येऊन विझली. घर विटा-सिमेंटचं, वर पत्रा. मालक म्हणतात, पत्र्याला कधी आग लागते का? पण मला उन्हाळा आला की धडकी भरते. — एक गृहिणी, उत्तर सोलापूर तालुका

ताई, मालकांचं निम्मं खरं आहे. पत्रा पेटत नाही. पत्र्याखाली आपण जे कोंबून ठेवतो ते पेटतं.

एकदा भर दुपारी घराभोवती हळूहळू फिरा आणि उडत आलेली ठिणगी कुठे कुठे बसेल ते बघा. पत्रा नागमोडी, भिंत सरळ. दोन्हींच्या मध्ये मूठ जाईल एवढ्या फटी राहतात. थंडीत वारं शिरतं म्हणून त्यात आपण गोणपाटाचे बोळे, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, कडब्याची ताटं घालतो. चिमण्या तिथेच घरटं करतात. भिंतीला आपटलेला वारा वर चढतो आणि त्याच फटीतून आत शिरतो, सोबत जळकी काडी घेऊन. बोळा लगेच भडकत नाही, धुमसतो. माणसं पुढच्या अंगाला गवत झोडपत असतात आणि घर मागच्या आढ्याकडून पेट घेतं. तेव्हा बोळे काढा, सिमेंटनं फट बुजवा. हवा हवीच असेल तर बारीक लोखंडी जाळी ठोका. चिमण्यांची पिलं उडून गेल्यावर करा म्हणजे झालं.

मग वळचण बघा. सरपण, गोवऱ्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, खताच्या रिकाम्या गोण्या, डाळिंबाचे क्रेट हे सगळं पावसापासून वाचावं म्हणून आपण भिंतीला टेकवून ठेवतो. उन्हाळ्यात पाऊस नाही, तर ते तिथे कशाला? शेळ्यांच्या सावलीला निवडणुकीचा फ्लेक्स बांधला असेल तर तो आधी उतरवा. फ्लेक्स पेटला की वितळून जळते थेंब गळतात आणि खाली शेळ्या असतात. पुढाऱ्यांना उतरवायचं एवढं एक काम तरी आपल्या हातात आहे. हिरव्या शेडनेटचंही तेच.

अंतरं लक्षात ठेवा. घराला लागून पाच फुटांत जळणारं काहीच नको. मुरूम टाका किंवा सारवून घ्या. तिथून तीस फुटांपर्यंत गवत घोट्याच्या खाली, वाळला पाला उचललेला, झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या. कडब्याची गंज शंभर फुटांच्या पुढे. ही मोजमापं अमेरिकेत वणव्यात जळलेली आणि वाचलेली घरं शेजारी शेजारी बघून ठरली आहेत. तिथल्या वनखात्याच्या जॅक कोहेन नावाच्या संशोधकानं कॅनडाच्या जंगलात मुद्दाम पेटवलेल्या वणव्यांसमोर लाकडी भिंती उभ्या करून बघितलं होतं. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, तीस मीटरवरची एकही पेटली नाही, आणि तिथे झाडांच्या उंचीच्याही वर ज्वाळा होत्या. आपलं कुसळी गवत त्यापुढे किरकोळ. म्हणजे लांबच्या ज्वाळेला फार घाबरू नका; जवळचा कचरा आणि उडती ठिणगी यांचा बंदोबस्त करा.

गंजीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे घरापेक्षा गंजच आधी जाते. मालदांडी ज्वारीचा कडबा म्हणजे जनावरांची वर्षभराची वैरण. तो सगळा एका गंजीत रचू नका, दोन करा, मध्ये चांगलं अंतर सोडा. गंजीभोवती नांगराचे तीन-चार तास मारून माती उघडी करा. उन्हाळ्यात दुपारचा वारा आपल्याकडे बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असतो; गंज घराच्या त्या अंगाला नको, नाहीतर तिच्या ठिणग्या थेट तुमच्या पत्र्यावर. वस्तीवर वारा नक्की कुठून फिरतो हे मात्र तुम्हालाच माहीत, माझ्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

माळाच्या बाजूनं वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग अडावी म्हणून गवताचा मोकळा केलेला पट्टा. तुमच्या कडेला ती झाली नसेल तर गार्डला भेटा, जानेवारीतच. आपल्या हातानं माळ जाळून पट्टा काढायला जाऊ नका. तो माळढोकाचा माळ आहे, १९७९ पासून अभयारण्य आहे. टिटव्या, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात.

आबा, आम्ही गावातली पोरं मिळून आग विझवणारं पथक काढायचं म्हणतोय. गाडी नाही, निधी नाही. लोक हसतात. सुरुवात कुठून करावी? — तरुण मंडळ, माढा तालुका

हसू द्या. अमेरिकेत आग विझवणाऱ्या जवानांपैकी निम्म्याहून अधिक बिनपगारी आहेत. कुणी दुकानदार, कुणी शेतकरी, भोंगा वाजला की हातातलं टाकून निघतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातली कंट्री फायर अथॉरिटी १९४५ पासून गावकऱ्यांच्याच जिवावर चालली आहे.

आणि गाडी नाही असं कसं म्हणता? डाळिंब-द्राक्षांच्या गावात फवारणीचे ट्रॅक्टर ब्लोअर दारोदारी उभे असतात. पाचशे-सहाशे लिटरची टाकी, दाबाचा पंप, लांब नळी आणि गन. गवताच्या आगीला एवढं पाणी पुष्कळ होतं. फक्त मागचा पंखा चालू करायचा नाही, नाहीतर आग विझवायला गेलात आणि भात्यानं फुलवून आलात. गन वापरा. टाकी आधी धुवा. औषधाचं पाणी आगीवर मारून त्याची वाफ नाकात घेऊ नका. ट्रॅक्टर उभ्या वाळल्या गवतात घालू नका, सायलेन्सरनंच ते पेटतं. जळून काळं झालेल्या बाजूनं न्या. पाठीवरचे सोळा लिटरचे बॅटरी पंप तर घरटी निघतील. त्याचा फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर मारू नका, बुडावर मारा.

माणसं निवडताना दंड बघू नका, दुपारी बारा ते पाच गावात कोण असतं ते बघा. टेंभुर्णीला कंपनीत जाणारा पोरगा कितीही दांडगा असला तरी त्या वेळी उपयोगाचा नाही. बायांना घ्या. वस्तीवर दुपारी त्याच असतात, आग आधी त्यांनाच दिसते. दहा-बारा जण पुरे. एक जण मुख्य, त्याचा शब्द शेवटचा; आगीसमोर ग्रामसभा भरवायची नसते.

आता झोडपणं. हे बघून येतं, तरी सांगतो. निंबाची नाहीतर करंजाची हिरवी फांदी घ्या, माणसाच्या उंचीची, पानांनी भरलेली. नवखा माणूस तिनं धोपटतो. प्रत्येक दणक्याला ठिणग्या उडतात आणि त्याच्याच मागे पडतात. तसं करू नका. फांदी ज्वाळेच्या बुडाशी टेकवा, दाबून धरा, हवा तुटली की काळ्या बाजूकडे ओढा. पुन्हा टेकवा. पाय कायम जळलेल्या जमिनीवर. तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं. आगीच्या तोंडासमोर जायचं नाही. रस्ता किंवा नांगरट धरून शेपटाकडून, म्हणजे आगीच्या मागच्या अंगाकडून, सुरुवात करा आणि दोन्ही कडांनी चिमटत पुढे जा. एक झोडपणारा, त्याच्या मागे एक पंपवाला, अशी जोडी. ज्वाळा छातीच्या वर गेल्या की झोडप्याचं काम संपलं. मागे सरा, रस्ता नाहीतर कॅनॉल गाठा आणि ती तिथे येईपर्यंत थांबा. वावटळ उठताना दिसली तर तेव्हाही मागे सरा. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळ आगीला उचलून कुठेही टाकते.

अंगात सुती कपडे, पूर्ण बाह्या, पायात बूट. टेरिकॉटची पँट आणि नायलॉनची साडी कातडीला चिकटते. पदर, ओढणी खोचलेली.

विझली म्हणून टाळ्या वाजवून घरी गेलात तर फसाल. माळावर जनावरांच्या शेणाचे वाळलेले पो पडलेले असतात. वरून राखाडी दिसतात, पण पायानं उलटवलात तर खालून लाल. बाभळीचा वाळका बुंधा, कुंपणाचे जुने डांब यांचं तसंच. ते रात्रभर गुपचूप जळतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा सुटला की पुन्हा गवत धरतात. लोक म्हणतात, कुणीतरी मुद्दाम लावली. तेव्हा दोघांनी पंप घेऊन कडेकडेनं फिरायचं आणि प्रत्येक पो उलटवून भिजवायचा. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणाची पाळी ते आधीच ठरवा.

फोन: बंबासाठी १०१, कशासाठीही ११२, वनखात्याची हेल्पलाइन १९२६. जवळच्या साखर कारखान्याकडे बंब असेल तर तिथल्या सुरक्षा विभागाचा नंबर आजच घ्या. पुष्कळदा तोच सगळ्यात जवळ असतो. एका कॉलवर गावभर निरोप देणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा तुमच्या गावात नोंदली आहे का, पोलीस पाटलांना विचारा. उपग्रहावरून आग हेरून वनखात्याला संदेश जातो हेही खरं, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो आणि गवताची आग तेवढी थांबत नाही.

फोन केल्यावर एक जण मोटारसायकलवर फाट्यावर जाऊन उभा राहिलाच पाहिजे. ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे, मग कुणालाही विचारा’ हा पत्ता बंबाच्या ड्रायव्हरला देऊ नका. आग लागल्यावर विचारायला रस्त्यावर कुणी नसतं, सगळे आगीकडे गेलेले असतात. बंबाला बारा फुटी रस्ता लागतो, वर लोंबत्या तारा नकोत. पाणी कुठे भरायचं ते ठरवून ठेवा. शेततळ्यातून भरणार असाल तर कडेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहणाराही वर येत नाही.

पैशासाठी ग्रामसभेत ठराव करा आणि ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात पंप, बूट, हातमोजे एवढंच मागा. प्रशिक्षण हवं असेल तर जवळच्या अग्निशमन केंद्राला जानेवारीत पत्र द्या. १४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सप्ताहात आमचे लोक प्रात्यक्षिकं आनंदानं दाखवतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या आठवणीत हा सप्ताह असतो. पण एप्रिलपर्यंत थांबलात तर निम्मा हंगाम गेलेला असेल.

माझा ऊस तारांच्या ठिणगीनं दुसऱ्यांदा जळाला. काय करू? — माळशिरस तालुका

जळून गेलेल्याचं आधी. कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला त्याच दिवशी कळवा; जळीत उसातली साखर रोज उतरते आणि वजनही. पण तोडणी लागण्याआधी तलाठ्याचा पंचनामा, वीज कंपनीला लेखी अर्ज आणि फोटो हे तिन्ही हवं. फोटोत जळालेला फड आणि वरची तार एकाच चौकटीत दिसू द्या. आग तारेमुळेच लागली का, हे विद्युत निरीक्षक ठरवतो. त्याची पाहणी होण्याआधी वायरमननं तारा ताणून सगळं नीट केलं तर तुमचा पुरावा गेला. नुकसानभरपाई त्या अहवालावर अवलंबून असते.

आता पुढच्या वर्षीचं. लोंबणाऱ्या तारेची तक्रार १९१२ वर करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, शिवाय पोच घेऊन कागदावर द्या. तारेखालचा पट्टा उसाचा ठेवूच नका, तिथे हिरवा चारा करा. डीपीभोवतीचं गवत खुरप्यानं काढा. ऊस पेटल्यावर फडात शिरायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. आत धूर कोंडतो आणि दिशा कळत नाही. वाऱ्याच्या पुढच्या अंगाला दोन-तीन सऱ्या ऊस आडवा करून पट्टा काढता आला तर काढा, तोही आग लांब असेल तरच. तारांमध्ये वीज असेल तर पाण्याची धार तिकडे नको. आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घ्या.

पाचट जाळू नका हे सगळेच सांगतात. कुजवायचं तर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. एवढं मात्र मी वाढवतो: ते कुजेपर्यंत रानभर पसरलेलं सरपणच असतं. बांधालगतची पहिली सरी पाचटाविना मोकळी ठेवा आणि पहिलं पाणी लवकर द्या.

बांध पेटवायचा असेल तर कोणती वेळ चांगली? — मंगळवेढा

कोणतीच नाही. गवत कापा, जनावरांना घाला, उरलेलं खड्ड्यात टाका. शेजाऱ्याची गंज पेटली तर कोर्ट, आणि आग राखीव वनात गेली तर १९२७ चा भारतीय वन कायदा. त्यात नुसती आग बेफिकिरीनं सोडून देणंही गुन्हा आहे. ‘माझ्या बांधावर मी लावली’ हे तिथे चालत नाही.

आबा, माझी लेक कॅलिफोर्नियात असते. घर लाकडी, मागे डोंगर. वणव्याचा इशारा आला की घर सोडा म्हणतात. जावई म्हणतात, मी थांबून पाणी मारीन. तुमचं मत कळवा. — निवृत्त शिक्षिका, सोलापूर शहर

बाई, जावयांना माझं नाव सांगून गाडीत बसवा. त्याच राज्यात पॅराडाइज नावाचं गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला सकाळच्या काही तासांत जळालं. ८५ माणसं गेली, त्यांत म्हातारी फार. विजेच्या लाइनीतून लागलेली आग वाऱ्यावर गावात शिरली आणि रस्ते गाड्यांनी तुंबले. उशिरा निघणं हेच तिथे सगळ्यात वाईट ठरलं. तिकडे डोंगरालगतच्या घरांभोवती शंभर फूट साफ ठेवायचा कायदा आहे. तो पाळला आहे का, एवढं आत्ता विचारा. पन्हाळी पाल्यानं भरल्यात का तेही. बाकी घराचा विमा असतो, जावयाचा असला तरी काय करायचा?

आपल्या वस्तीचं वेगळं आहे. गवताची आग उंच नसते आणि झटकन पुढे जाते. निघून जायला रस्ता नसेल तर जवळची नांगरट गाठा, मध्यभागी जा. जनावरांची दावी आधी सोडा, गाठ सुटत नसेल तर विळ्यानं कापा. त्यासाठी गोठ्याच्या मेढीला एक विळा कायम अडकवलेला असू द्या. सोडून मोकळं झालात असंही नाही; घाबरलेलं जनावर पुन्हा गोठ्यात शिरतं. त्यांना नांगरटीत नेऊन बांधा.

भाजल्यावर टूथपेस्ट लावली तर चालते का? — अक्कलकोट

नाही. हळद, शाई, तेल, बर्फ, काहीच नाही. वाहतं साधं पाणी वीस मिनिटं, घड्याळ बघून. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, वरून स्वच्छ सुती कापड पांघरा, १०८ ला फोन करा.

चुलीतली राख गार झाली हे कसं ओळखायचं? सासूबाई रोज सकाळी उकिरड्यावर टाकतात. — बार्शी तालुका

वरून हात धरून ओळखता येत नाही, वहिनी. राख हीच निखाऱ्याची गोधडी असते. रात्री झाकलेला निखारा सकाळी चूल पेटवायला चालतो, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उकिरड्यावर वाळलं शेण, पालापाचोळा आणि वर दुपारचा वारा. माझ्या नोकरीत ‘कारण अज्ञात’ म्हणून लिहिलेल्या कितीतरी आगींची सुरुवात उकिरड्यावरच होती, असं माझं मत आहे. राख पत्र्याच्या बादलीत काढा, तांब्याभर पाणी घालून काडीनं ढवळा, चुर्र आवाज यायचा थांबला की टाका. बादली पत्र्याची, हे पुन्हा सांगतो, कारण प्लॅस्टिकची चालेल का असं विचारणारं एक पत्र या पत्राच्या खालीच आहे.